अंतर्मौनाचे गोत्र

अंतर्मौन शिकवणारा शिक्षक सुरुवातीला 'मन शांत करा' असे म्हणत नाही. पाठ ताठ ठेवून बसा, डोळे मिटा आणि बाहेर जे काही वाजते आहे ते ऐका, एवढीच सूचना असते. रिक्षाचा हॉर्न, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, शेजारी बसलेल्याचा खोकला. एक आवाज धरायचा, थोडा वेळ ऐकायचा, सोडायचा, दुसरा धरायचा. कुठला बरा, कुठला त्रासाचा, हे ठरवत बसायचे नाही. ज्या गोंगाटामुळे ध्यान लागत नाही अशी आपली कायमची तक्रार असते, त्यालाच इथे कामाला जुंपलेले असते.

दुसऱ्या पायरीवर कान सोडून मनाकडे वळायचे. येईल ते येऊ द्यायचे. विजेचे बिल, सासूचे बोलणे, वीस वर्षांपूर्वीचा अपमान, मध्येच काही तरी लाज वाटावे असे. हाकलायचे नाही, कुरवाळायचेही नाही. हा आला, हा गेला, एवढी नोंद पुरे. तिसरी पायरी नेमकी उलट. आपसूक उगवणाऱ्या विचारांना मज्जाव करून आपणच एक विचार निवडायचा, तो फुलवायचा, चहूबाजूंनी न्याहाळायचा आणि मनात आले की टाकून द्यायचा. चौथीत दार पुन्हा उघडायचे; जे येतील त्यातला जोरकस विचार पाहायचा आणि तोही टाकायचा. पाचवीत उंबऱ्यावरच सगळ्यांना थोपवायचे, म्हणजे निर्विचार अवस्था. सहावीत मिटल्या डोळ्यांपुढच्या काळोखात, ज्याला चिदाकाश म्हणतात तिथे, एखादे प्रतीक स्थिर धरायचे. बहुतेक वर्गांत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर महिनोन् महिने मुक्काम करते, आणि जाणते शिक्षक त्याबद्दल घाई करत नाहीत.

या सहा पायऱ्यांचे अंतर्मौन बिहारमधल्या मुंगेरचे. स्वामी सत्यानंद सरस्वती (१९२३–२००९) यांच्या बिहार योग विद्यालयात ते बांधले गेले आणि ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थांमधून आपल्याकडे रुजले. हे कधीपासूनचे, असे वर्गात कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: प्राचीन. उत्तर खोटे नाही. पण कूळ विचारले की आजोबा-पणजोबांची नावे सांगावी लागतात, आणि 'प्राचीन' हे कुणाचेच नाव नव्हे. नावे शोधायला निघालो की हे घराणे आपण समजत होतो त्याहून बरेच मिश्र निघते.

मौनाला तोंडाकडून मनाकडे नेण्याचे काम मात्र खरोखरच जुने आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन भाग केले आहेत: शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. वाणीच्या तपात दुसऱ्याला न टोचणारे, खरे, गोड आणि हिताचे बोलणे येते, स्वाध्याय येतो. मौन इथेच असणार म्हणून आपण शोधायला जावे, तर ते इथे नाहीच. ते पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात, प्रसन्नता आणि सौम्यपणाच्या पंक्तीला बसले आहे. योगवासिष्ठाने पुढे मौनाचे चार प्रकारच केले: वाङ्मौन, अक्षमौन, काष्ठमौन आणि सौषुप्त मौन. बोलणे बंद, इंद्रिये हट्टाने बंद, हालचाल बंद, ही पहिली तीन कोरड्या तपस्व्याची. चौथे जीवन्मुक्ताचे, ज्याला काहीच बंद करावे लागत नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'अपरोक्षानुभूती'त तर वाणीचे मौन पोरासोरांसाठी असल्याचा शेराच मारला आहे. नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत तोंडाने बोलले नाहीत. पण १९५४ पर्यंत अक्षरफळ्यावर बोट फिरवून आणि नंतर हातांच्या खुणांनी त्यांचे सांगणे अखंड चालू होते. तोंड मिटण्याचा आणि आत शांत होण्याचा संबंध सैलच आहे, हे जुन्या लोकांना पक्के माहीत होते.

या सरावातल्या नुसत्या पाहणाऱ्याचे, म्हणजे साक्षीचे, वय याहूनही जास्त. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात एका झाडावरचे दोन पक्षी येतात. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. मुंडक आणि श्वेताश्वतर उपनिषदांनी हे पक्षी उचलले आणि पाहणाऱ्या पक्ष्याला मोठे केले. मग सांख्यांनी त्याला तर्काची शिस्त लावली. पुरुष पाहतो पण करत नाही, प्रकृती करते पण पाहत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती नर्तकी होऊन येते, प्रेक्षकांपुढे आपले दाखवून झाले की आपणहून थांबते. पतंजलीने सुरुवातीच्या दोन-तीन सूत्रांतच निकाल लावला: चित्ताच्या वृत्ती थांबल्या की द्रष्टा स्वतःच्या रूपात राहतो.

वाचायला हे सगळे अंतर्मौनासारखेच वाटते, आणि वर्गात हाच आधार सांगतात. पण जरा थांबून पाहिले की काही तरी खटकते. या सगळ्या ठिकाणी साक्षी हा निष्कर्ष आहे. तू मुळात पाहणारा आहेस, असे तत्त्वज्ञान सांगते. रोज संध्याकाळी वीस मिनिटे बसून विचार पाहत जा, असे सांगत नाही. सरावाची वेळ आली की हेच ग्रंथ विचारांशी फार कडक वागतात. पतंजलीला वृत्ती थांबवायच्या आहेत. नको तो विचार आला तर त्याच्या विरुद्ध विचार उभा करावा, ही त्याची प्रतिपक्षभावना. गीतेचा सहावा अध्याय सांगतो, कशाचेच चिंतन करू नये आणि मन जिथे जिथे पळेल तिथून ओढून आणावे. प्रत्याहारासाठी गीता कासवाचे अवयव आत घेणे दाखवते, तर योगसूत्रांवरचे व्यासभाष्य राजमाशी बसली की मागोमाग बसणाऱ्या मधमाश्या. हठप्रदीपिकेतले नादानुसंधान कान-डोळे बोटांनी बंद करून आतला नाद ऐकायला लावते. मुंगेरचा शिक्षक कान उघडे ठेवून रिक्षा ऐकायला सांगतो. दोघांची तोंडे दोन दिशांना आहेत.

विचार येऊ दे, वाईट असला तरी येऊ दे, तू फक्त बघ, हा अभ्यासक्रम म्हणून मांडलेला धडा अभिजात योगग्रंथांत मला दिसत नाही. जवळ जाते ते काश्मीरकडचे 'विज्ञानभैरव' तंत्र. त्याच्या ११२ धारणांमध्ये दोन भावांच्या मधल्या फटीवर चित्त ठेवण्याची एक धारणा आहे. पण तिचा डोळा फटीवर आहे, विचारांच्या रांगेवर नाही.

मराठीने हा साक्षी फार लवकर आपलासा केला आणि तितक्याच लवकर त्याची उलटतपासणीही घेतली. चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले, अशी कथा आहे. त्याचे उत्तर म्हणून गेलेल्या पासष्ट ओव्यांमध्ये द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी उभी करून शेवटी ती मोडून टाकलेली आहे. रामदास तर या बाबतीत खास तिखट. सर्वसाक्षी तुर्येला लोक ज्ञान म्हणतात, पण ते अजून पदार्थज्ञानातच जमा, असे दासबोधाच्या पाचव्या दशकात ते सुनावतात. जिथे 'सर्व' म्हणून काही उरतच नाही तिथे सर्वसाक्षी कुणाचा साक्षी, असा त्यांचा सवाल आहे. साक्षीभावाच्या शिबिराची जाहिरात दिसली की मला हा सवाल आठवतो. पण रामदासांचा रोखही अखेरच्या निष्कर्षावर आहे. सरावाचा माग काढायचा तर वाट वाकडी करावी लागते.

ती वाट पाली वाङ्मयाकडे जाते. मज्झिम निकायातले दहावे, सतिपट्ठान सुत्त, कुरुदेशातल्या कम्मासधम्म गावी सांगितले गेले असे सुत्तच म्हणते. शरीर, वेदना, चित्त आणि धम्म अशी पाहण्याची चार क्षेत्रे त्यात आहेत. त्यातले तिसरे आपल्या कामाचे. चित्ताच्या अवस्था तिथे जोड्यांनी येतात: आसक्ती असलेले आणि नसलेले, द्वेष असलेले आणि नसलेले, मोहातले आणि मोहाबाहेरचे, आक्रसलेले आणि विखुरलेले, अशा एकूण आठ जोड्या. भिक्षूने काय करायचे, तर चित्त विखुरलेले असेल तेव्हा ते विखुरलेले आहे हे जाणायचे. गीता मन ओढून आणायला सांगते, हे सुत्त मन पळाले आहे एवढे ओळखायला सांगते. अंतर्मौनाच्या दुसऱ्या पायरीचा चेहरा इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

बुद्धाने विचार घालवायचे उपाय दिलेच नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. मज्झिम निकायातच वितक्कसण्ठान सुत्तात पाच उपाय आहेत आणि पाचवा तर दातावर दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला चेपण्याचा. पण सतिपट्ठान सुत्ताची चाल वेगळी आहे, आणि त्याच्या अखेरीला एक मासलेवाईक वचन आहे. हा अभ्यास सात वर्षे करणाऱ्याला फळ मिळेल, असे म्हणून मग सहा वर्षे, पाच वर्षे असे उतरत उतरत सुत्त सात दिवसांवर येऊन थांबते. आजच्या दहा दिवसांच्या शिबिरांना घाईची म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी ही उतरती भाजणी एकदा वाचावी.

यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सुत्त टिकले, सराव आटला. थेरवादी देशांत सुत्ते पाठ होत होती, त्यांवर टीका लिहिल्या जात होत्या, पण बसून पाहणारे विरळ झाले होते. या काळात अर्हत होणे शक्यच नाही, असा समज भिक्षूंमध्येही बळावला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेदावी नावाच्या भिक्षूने बर्मी भाषेत विपश्यनेवर पुस्तिका लिहायला घेतल्या, हा पुनरुज्जीवनाचा पहिला ठळक धागा. मंडालेच्या मिंडॉन राजाने १९व्या शतकात अख्खे तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून घेतले. ग्रंथ दगडावर पक्का झाला. माणसात उतरायला आणखी एक धक्का लागायचा होता.

तो धक्का इंग्रजांनी दिला. नोव्हेंबर १८८५ मध्ये दोनेक आठवड्यांच्या लढाईत मंडाले पडले. मिंडॉनचा मुलगा थिबा राजा पदच्युत झाला आणि मद्रासमार्गे रत्नागिरीला येऊन पडला. तिथे त्याने तीस वर्षे काढली, १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीला थिबा पॅलेस पाहायला जाणारे आपण बंदिवान राजाच्या करुण कथेवर हळहळून परत येतो. या राजाच्या जाण्याने ब्रह्मदेशात काय झाले, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. राजा हा संघाचा पोशिंदा होता आणि धर्मप्रमुख तोच नेमत असे. तो गेला, आणि धर्म कोण सांभाळणार हा प्रश्न उघडा पडला. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूने दिलेले उत्तर असे होते की आता सामान्य माणसाने सांभाळायचा. ते गावोगाव फिरले, अभिधम्मासारखा अवघड विषय सोप्या बर्मी भाषेत गृहस्थांना शिकवला आणि त्यांच्या हाती ध्यानही दिले.

ते देता यावे म्हणून त्यांनी एक तांत्रिक अडसर बाजूला केला. ध्यानाची रूढ चढण अशी की आधी अरण्यात राहून खोल समाधी, म्हणजे झान, साधायची. मग त्या स्थिर चित्ताने पाहायला लागायचे. दुकान चालवणाऱ्याला हे कुठून जमणार? परंपरेत 'शुष्क' विपश्यनेची जुनी सोय होती: खोल समाधीशिवाय, क्षणोक्षणीच्या एकाग्रतेवर भागवून थेट पाहणे. लेडींनी ती पुढे आणली. माझ्या मते अंतर्मौनाच्या सगळ्या वंशावळीत यापेक्षा मोठी घडामोड नाही. त्यांचे शिष्य साया थेटजी (१८७३–१९४५) रंगूनच्या नदीपलीकडच्या गावात शेती करत, आणि ते भिक्षू झाले नाहीत. गृहस्थाने गृहस्थाला ध्यान शिकवण्याची रीत इथे पडली.

थेटजींकडे १९३७ मध्ये रेल्वेच्या हिशेब खात्यातला एक अधिकारी आला. ऊ बा खिन (१८९९–१९७१). ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झाला त्याच दिवशी ते देशाचे महालेखापाल झाले. कचेरीतच त्यांनी ध्यानाची सोय केली, हाताखालच्या कारकुनांना बसवले, आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र काढले. दहा दिवसांचे शिबिर त्यांच्याकडे पक्के झाले. साक्षीभाव शिकवायला हिशेबतपासनीस मिळावा यात मला मोठी गंमत वाटते: दुसऱ्याच्या वहीतली प्रत्येक नोंद वाचायची आणि त्यातला एक पैसाही आपला समजायचा नाही.

त्याच रंगूनमध्ये १९४९ पासून महासी सयाडो (१९०४–१९८२) वेगळ्या फांदीवर काम करत होते. पोटाचे वर-खाली होणे पाहायचे आणि मनात जे येईल त्याला मनातच नाव द्यायचे: विचार, विचार, ऐकणे, ऐकणे, दुखणे, दुखणे. ऊ बा खिन यांचा भर मात्र अंगावरच्या संवेदनांवर. मुंगेरच्या अंतर्मौनातल्या 'आवाज ऐक, विचार बघ' या सूचना मला महासींच्या फांदीच्या जास्त जवळच्या वाटतात.

मराठी वाचकाला या जगाची ओळख करून देणारा माणूस गोव्याचा. साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात त्यांनी दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. त्यांच्या 'समाधिमार्ग'मध्ये थेरवादी ध्यानाचे विषय मराठीत उतरले. योगवर्गांमध्ये हे छोटे पुस्तक कुणाच्या हातात दिसत नाही, ही आपली नेहमीची चाल. बाहेरून फिरून आलेले आपल्याला चटकन दिसते, शेजारच्याने शोधून आणलेले कपाटात राहते.

आता पुन्हा योगाच्या घरात येऊ. तिथेही काही तरी बदलत होते. १८९५–९६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला स्वामी विवेकानंद पतंजलीवर व्याख्याने देत होते. १८९६ मध्ये त्यांचे 'राजयोग' हे पुस्तक झाले. त्यात प्रत्याहाराच्या प्रकरणात मन म्हणजे दारू प्यालेले, वर विंचू चावलेले आणि वर भूत संचारलेले माकड, अशी ओळख करून दिली आहे. मग उपाय काय? आधी नुसते बसा, माकडाला हव्या तेवढ्या उड्या मारू द्या आणि पाहत राहा. सुरुवातीला हजार विचार येतील, काही भयंकर असतील, हळूहळू कमी होतील. पतंजलीच्या सूत्रात हे नाही, व्यासभाष्यात नाही. कासवाने अवयव आत ओढण्याचा जो प्रत्याहार होता, तो इथे मोकळे सोडून पाहण्याचा झाला. ऐकायला बसलेली मंडळी शहरी, शिकलेली, संसारी अमेरिकन. सहाच वर्षांपूर्वी विल्यम जेम्सच्या मानसशास्त्रावरच्या ग्रंथाने 'विचारप्रवाह' ही कल्पना तिकडे आणली होती. इकडे लेडी सयाडो बर्मी दुकानदारांना शिकवत होते. एकमेकांची गाठ नसलेले, एकाच साम्राज्याचे दोन संन्यासी, आणि दोघांपुढचा प्रश्न एकच: मठातली विद्या प्रपंचातल्या माणसाला द्यायची तर ती कशी वळवायची?

सत्यानंदांच्या वाट्याला हा सगळा वारसा एकदम आला. अल्मोड्यात जन्मलेला हा तरुण १९४३ मध्ये ऋषिकेशला स्वामी शिवानंदांकडे पोचला आणि १९४७ मध्ये त्याने संन्यास घेतला. शिवानंद पूर्वाश्रमीचे मलायातले डॉक्टर. त्यांनी साधकांसाठी छापील आध्यात्मिक रोजनिशी काढली होती, आणि तिच्या रोजच्या प्रश्नांत किती तास मौन पाळले, हाही एक रकाना होता. म्हणजे मोजून केलेले आत्मपरीक्षण सत्यानंदांनी गुरूकडेच पाहिले. १९५६ मध्ये ते परिव्राजक म्हणून बाहेर पडले आणि १९६३–६४ मध्ये मुंगेरला विद्यालय सुरू झाले. हिंदुस्थानी कारकून, गृहिणी, गिरणीमालक आणि मनाने थकून आलेले परदेशी तरुण अशी सगळी भरती तिथे होती.

विशेष म्हणजे मुंगेरच्या पुस्तकांनी मूळ लपवलेले नाही. अंतर्मौन हा बौद्धांच्या विपश्यनेचा मूलभूत भाग असून योगात तो थोडा बदलून घेतला आहे, असे तिथे सरळ म्हटलेले आहे. 'प्राचीन' हा शब्द पुढच्या पिढीतल्या वर्गांनी सैलपणे फिरवला. सत्यानंदांचे मोठेपण माझ्या मते जोडकामात आहे, आणि त्यांची शिडी नीट पाहिली की जोड दिसतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर सतिपट्ठानाची छाया. पाचवी थेट पतंजलीची, निरोधाची. सहावीतले चिदाकाश आणि प्रतीक तंत्रमार्गाचे. मधल्या तिसऱ्या-चौथ्या पायऱ्यांचे कूळ काय? मुद्दाम विचार उकरून काढा, दाबून ठेवलेले वर येऊ द्या, त्याशिवाय ते सुटणार नाही, ही मांडणी जुन्या संस्कारांच्या भाषेत केली असली तरी तिच्या मागे विसाव्या शतकातले मानसशास्त्र उभे आहे. दडपलेले मनाच्या तळाशी कुजते आणि वर आले की निवळते, ही समजूत फ्रॉइडनंतरच्या जगाची. योगसूत्रांत वाईट विचाराला उत्तर द्यायचे असते, त्याला आमंत्रण देऊन बोलवायचे नसते.

यामुळे आतल्या आत एक भांडणही शिल्लक राहिले आहे. विचार टाकून द्या, असे म्हटले की टाकणारा कोणी तरी आला आणि साक्षी कर्ता झाला. तिसऱ्या पायरीवर कर्तेपण उघड मान्य आहे, दुसरीवर त्याला मनाई आहे. वर्गातले हुशार विद्यार्थी नेमके इथे अडतात आणि शिक्षक 'पुढे कळेल' म्हणतात. मला वाटते हा शिकवण्यातला दोष नसून दोन वेगळ्या कुळांचा सांधा आहे, आणि तो सांध्यावर दुखणारच.

दुसरी फांदी सांधे जोडायला राजीच नव्हती. मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) डोकेदुखीने हैराण होते, मॉर्फिन घ्यावे लागे इतके. तेवढ्यासाठी आलास तर शिकवणार नाही, असे ऊ बा खिन यांनी त्यांना आधी सांगितले. १९५५ मध्ये त्यांनी पहिले शिबिर केले, १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे नियमाने भरू लागली. तिथे आर्य मौन असते, म्हणजे बोलणे नाही, खुणा नाहीत, नजरानजर नाही. पहिले साडेतीन दिवस श्वास, नंतर अंगभर संवेदना. जप, मंत्र, प्रतीक, आधीच्या साऱ्या साधना शिबिरापुरत्या बाजूला ठेवायच्या. मुंगेरच्या सहाव्या पायरीला तिथे जागा नाही, आणि विचारांची रांग मोजत बसण्यालाही नाही. मन भटकले की भटकले हे जाणून अंगाकडे परतायचे. कसारा घाटाच्या माथ्यावरच्या या गावात लेडी सयाडोंची परंपरा, त्यांच्या राजाला ज्या प्रांतात डांबले होते त्याच मुंबई इलाख्याच्या जमिनीवर स्थिरावली. थिबा तेव्हा रत्नागिरीच्या मातीत साठ वर्षे पडून होता.

तिसरी एक फांदी आहे, जिला फांदी म्हणवून घेणे मान्य नाही. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओम्मेन इथे आपल्याभोवती उभारलेला संघच विसर्जित केला आणि पुढे सत्तावन्न वर्षे निवडीशिवायच्या अवधानाबद्दल बोलत राहिले, पण पायरी एकही सांगितली नाही. अकोल्यात वाढलेल्या विमला ठकार (१९२१–२००९) विनोबांच्या भूदानात पायी हिंडल्या, मग कृष्णमूर्तींच्या भेटीनंतर त्या चळवळीतून बाहेर पडल्या आणि अबूला राहून निरीक्षण आणि मौन या दोनच गोष्टींवर जन्मभर बोलल्या. पाहणे हे तंत्र झाले की ते पाहणे उरत नाही, असा त्यांचा रोख. मुंगेरने पायऱ्या बांधल्या, इगतपुरीने दिवस ठरवले. विमलाताईंनी दोन्ही नाकारले. त्यांनी शिष्य केले नाहीत, वारस नेमला नाही, मठ बांधला नाही. त्यांच्या भाषणांची पुस्तके मिळतात, पण त्यांच्या नावाचा वर्ग शोधायला गेलात तर तो भरत नाही. वंशावळीच्या कागदावर त्यांच्या नावाखाली रेघ काढायला कुणीच नाही, आणि ती तशी राहावी हीच त्यांची व्यवस्था होती.